चार स्टार, पाचवा राखून ठेवलाय

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी आणि माझ्या जावेने पापड-बिबड्यांचं टेबल मांडलं होतं. पुण्या-मुंबईची माणसं बिबडे चाखायची आणि लगेच विचारायची, "वेबसाईट आहे का?" नव्हती. त्याच उन्हाळ्यात एकाकडून करून घेतली आणि दीड वर्षात चांगले हात पोळून घेतले. त्याचं नाव इथे घेत नाही. पण आता नवी वेबसाईट करून देणारी ही मंडळी कशी वाटली ते सांगायचं तर त्याचं बिल मध्ये येणारच.

यांच्याकडे गेले ते ते बिल पर्समध्ये घालूनच. इथल्या मुलीने ते टेबलावर पसरलं आणि एकेका शब्दावर पेन्सिल टेकवत खाली आली. "सीएमएस लायसन्स, ४,५०० रुपये." सीएमएस म्हणजे फोटो, भाव, मजकूर आपला आपल्याला बदलता येण्याची सोय. आमची साईट वर्डप्रेसवर होती, आणि वर्डप्रेस २००३ पासून सगळ्यांना फुकट आहे. मेहनतीचे पैसे घ्या ना, लायसन्सचे कसले? पुढची ओळ, "एसएसएल, वर्षाला २,५००." पत्त्यात एचटीटीपीच्या शेवटी एस येतो तो याच्यामुळे. गिऱ्हाइकाने भरलेला पत्ता, फोन नंबर वाटेत कोणाला वाचता येत नाही. लेट्स एन्क्रिप्टकडून हे फुकट मिळतं आणि मुदत संपायच्या आत आपोआप नवं करून घेण्याची सोयही असते. एस दिसला म्हणजे दुकानदार सचोटीचा असं समजू नका, हेही तिनेच सांगितलं. खरंच आहे, आमचा पहिला माणूसही एसवालाच होता.

मोठा खड्डा डोमेनचा निघाला. डोमेन म्हणजे साईटचं नाव, दरवर्षी पैसे भरून आपल्याकडे राखायचं. पैसे आम्ही भरत होतो, नोंद त्याच्या नावावर. जमीन आपण कसायची आणि सातबारा दुसऱ्याचा! ते नाव गेलं ते गेलंच. यांनी नवं डॉट इन नाव घेतलं ते माझ्या ईमेलवर, ओटीपीही माझ्याच मोबाईलवर येतो. होस्टिंग म्हणजे साईट जिथे ठेवतात त्या गाळ्याचं भाडं, ते वेगळ्या बिलावर. फ्रंटएंड म्हणजे साईटचा गिऱ्हाइकाला दिसणारा भाग आणि बॅकएंड म्हणजे मागचं काम, हे समजवायला लागलंच नाही. आमचं घरच तसं, पुढे ओट्यावर विक्री आणि मागे पापड लाटणाऱ्या बाया.

कच्चा आराखडा दाखवला तेव्हा जाऊबाई घाबरल्या. पापडाच्या फोटोखाली "लोरेम इप्सम" असं काहीबाही. "हाई कोनती भाषा शे व माय?" खरा मजकूर येईपर्यंत जागा भरायला टाकतात म्हणे, मूळ लॅटिन, सिसेरोच्या ग्रंथातून मोडतोड करून घेतलेलं. मी म्हटलं, आमच्याकडे मजकूर आहे की! पत्रक होतं, प्रेसवाल्याने श्री-लिपी या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं. ते साईटवर टाकलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. पहिल्या माणसाने यावर तोड काढली होती ती अशी, की अख्ख्या पत्रकाचा फोटो काढून चिकटवला. मोबाईलवर वाचायला भिंग लागायचं. यांनी सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी मराठीच दिसेल असं, पुन्हा टाइप करायला लावलं, चार संध्याकाळी गेल्या माझ्या.

फॉन्ट मुक्ता घेतला, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या मंडळींचा, दिसायला गोड. साईट उघडली, आणि कुरडईच्या पाकिटाखाली लिहिलेलं काय, तर करडई! दोन जणांनी तेलाचा भाव विचारला. झालं होतं असं, की सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या सूचनांमध्ये, लाइन-हाइट नावाचा आकडा असतो, ओळीला उंची किती द्यायची तो. तयार थीम, म्हणजे साईटचा साचा, इंग्रजीच्या मापाने शिवलेली, तिला वर वेलांटी आणि खाली उकार माहीतच नाही. आकडा होता १.२, त्यात चौकटीबाहेरचं सगळं झाकून टाकलेलं, म्हणून 'कु'चा उकार खालून छाटला गेला. माझ्यासमोर १.६ केला आणि उकार परत आला. एवढ्याशा आकड्याने धान्य बदलतं.

दुसरी गंमत मार्चमधली. कुरडई ३२० वरून ३६० केली. नंदुरबारच्या एका ताईंनी ३२०चा स्क्रीनशॉट पाठवून वाद घातला. मी इथे फोन लावला, तर पोरगा म्हणतो, "काकू, त्यांना आधी कॅश क्लिअर करायला सांगा." मी निरोप जसाच्या तसा दिला. ताई भडकल्या, "माझी एक पैसा बाकी नाही तुमच्याकडे!" ही कॅश नोटांची नव्हे हो. ब्राउझर एकदा पाहिलेलं पान फोनात ठेवून देतो आणि पुढच्या वेळी तेच काढून दाखवतो, कालची भाजी गरम करून वाढावी तसं. ताईंना मी ३२०नेच दिली.

रिस्पॉन्सिव्ह म्हणजे फोन असो की कॉम्प्युटर, पान आपलं अंग चोरून बसतं. ते नीट जमलंय. माझे फोटो सहा-सहा एमबीचे होते, ते वेबपी नावाच्या हलक्या फोटो-प्रकारात शंभर केबीच्या आत आणले. आता बोरीकाठच्या शेतात नेटच्या दोन काड्या असल्या तरी पान उघडतं. एसइओचं, म्हणजे गुगलवर शोधताना आपली साईट वर दिसण्याचं विचारलं, तर पहिल्या नंबरची हमी देणार नाही म्हणाले, कोणी देऊच शकत नाही असं गुगलच सांगतं. मला हे उत्तर आवडलं.

आता स्टार का कापला. ऐन चैत्रात ऑर्डरच्या फॉर्मचे मेल आठ दिवस स्पॅममध्ये पडत होते. बिबड्यांचा हंगाम तो! माझ्याच भाचीची ऑर्डर आली नाही म्हणून कळलं. साईट सुरू करताना एक खोटी ऑर्डर टाकून बघायला काय जातं? चूक कबूल केली, दोन महिन्यांची देखभाल फुकट दिली, ते बरं केलं. पण त्या आठ दिवसांतली निम्मी माणसं परत आली नाहीत.

आणि ते बटण अजून "ॲड टू कार्ट"च म्हणतंय. तीनदा सांगून झालं, "पिशवीत टाका" असं लिहा. ते झालं की पाचवा स्टार देते.