जुन्या गाडीत मापाने बनवून बसवलेले एसी होज: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

साठच्या दशकातल्या गाडीचा आर-१२ या जुन्या गॅसवर चालणारा एसी आर-१३४ए या नंतरच्या गॅसवर आणायचा म्हटलं की कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी बाटली) सगळं तयार मिळतं. अडतं ते होजपाशी, म्हणजे गॅस वाहून नेणाऱ्या रबरी नळ्यांपाशी. मूळ यॉर्कच्या दोन सिलिंडरच्या उभ्या कॉम्प्रेसरऐवजी सँडेन ५०८ बसवला की तोंडांची जागा बदलते. नव्या पॅरलल फ्लो कंडेन्सरची तोंडं वेगळ्याच बाजूला निघतात, आणि जुना एकही होज पुरत नाही. म्हणून बॅरियर होज, बीडलॉक फिटिंग आणि हाताने चालवायचा हायड्रॉलिक क्रिंपर (फिटिंग होजवर दाबून पक्कं करायचं यंत्र) घेऊन चारही होज मापाने बनवले. पूर्ण उन्हाळा धरून नऊ महिने झाले. होजच्या रबराबद्दल एकही तक्रार नाही. जे बिघडलं ते टोकांवर आणि मार्गात.

आकार नंबरने ओळखतात. नंबर ६, म्हणजे आतून सुमारे ८ मिमी, कंडेन्सर ते ड्रायर आणि ड्रायर ते एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब एकदम उतरवणारा). नंबर ८, सुमारे १० मिमी, कॉम्प्रेसर ते कंडेन्सर. नंबर १०, सुमारे १३ मिमी, इव्हॅपोरेटरकडून (केबिनची हवा थंड करणारा भाग) कॉम्प्रेसरकडे परत येणारी सक्शन. इव्हॅपोरेटर मोठा असेल तर तिथे १६ मिमीचा नंबर १२ घालावा. जागा नाही म्हणून सक्शन बारीक करू नका. तिथे दाब पडला की थेट कूलिंग कमी होतं.

बॅरियर होजच्या आत नायलॉनचा थर असतो. आर-१३४एचा रेणू आर-१२ पेक्षा लहान, त्यामुळे जुन्या साध्या रबरातून तो हळूहळू झिरपत राहतो. हा थर सांभाळायचा तर जुन्या पद्धतीचं धारदार खाचांचं फिटिंग वापरायचंच नाही. त्या खाचा नायलॉन कापतात आणि गॅस रबराच्या थरांमधून वाट काढतो. बीडलॉकची गोल कडी थर न कापता दाबते. पातळ भिंतीचा ‘रिड्यूस्ड’ होज घेतला असेल तर फेरूलही (टोकावर दाबून बसवायची धातूची बाही) त्याचंच हवं. जाड होजचं फेरूल त्यावर क्रिंप झाल्यासारखं दिसतं, पण पकड येत नाही. वळणाच्या दृष्टीने रिड्यूस्डच बरा वाटला. बोनेटखाली तो कमी बोजडही दिसतो, आणि जुन्या गाडीत दिसण्यालाही किंमत आहे.

सगळ्यात जास्त वेळ मापाला द्या. फिटिंग आधी कॉम्प्रेसरवर आणि कंडेन्सरवर हाताने घट्ट करा, होज नुसता आत सरकवा, इंजिन खरोखर बसलेलं असू द्या. रेस दिल्यावर इंजिन माउंटवर डुलतं, म्हणून कॉम्प्रेसरच्या होजला किमान २५ मिमी सैलपणा ठेवला. जागा ठरली की होज आणि फिटिंग दोन्हींवर मिळून पांढऱ्या मार्करने एक सरळ रेघ ओढा. दोन्ही टोकांना ९० किंवा ४५ अंशांची फिटिंग असतात, आणि एकमेकांशी त्यांचा कोन दहा अंशांनी चुकला तरी बसवताना होजला पीळ पडतो. ताणात राहिलेला होज नटावर सतत जोर देतो. रेघ ओढल्याशिवाय फिटिंग काढायचं नाही.

होज कापायला होज कटर वापरा. हॅकसॉने कड तिरपी येते आणि रबराचा भुसा आत जातो, तो पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकतो. होज फेरूलच्या बघायच्या छिद्रात दिसेपर्यंत आत ढकला. बरोबर नंबरची डाय लावा आणि एकाच दाबात क्रिंप पूर्ण करा. मग व्हर्निअरने तीन जागी व्यास मोजा. तिन्ही आकडे फिटिंगच्या तक्त्याशी जुळायला हवेत. फरक आला तर क्रिंप अंडाकृती झालाय, ते टोक कापून नवीन फेरूल घाला. पुन्हा दाबून तो सुधारत नाही.

ओ-रिंग हिरव्या एचएनबीआर रबराच्या, मिनरल ऑइल लावून. आट्यांना पीएजी ऑइल (आर-१३४एच्या कॉम्प्रेसरचं तेल) लावू नये, ते हवेतली ओल ओढतं. घट्ट करताना नेहमी दोन पाने. एकाच पान्याने ड्रायरची अॅल्युमिनियमची नळी पिळवटते. ड्रायरची टोपणं अगदी शेवटी काढायची आणि लगेच व्हॅक्यूमला घ्यायचं. आर-१३४एसाठी त्यात एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ शोषक असल्याची खात्री करा.

आता गळतीबद्दल. नंबर ६ मध्ये फ्लेअर (शंकूसारखं तोंड, धातूवर धातू बसणारं) आणि ओ-रिंग या दोन्ही प्रकारांचे आटे सारखेच असतात. ड्रायरवर ओ-रिंगचं तोंड आणि होजला फ्लेअरचं नट, अशी जोडी नकळत जमली. ती घट्टही झाली, ५०० मायक्रॉनचा, म्हणजे जवळजवळ पूर्ण, व्हॅक्यूम ४५ मिनिटं टिकलाही. दुसऱ्या महिन्यात गॅस बघायच्या काचेत बुडबुडे दिसले, म्हणजे गॅस कमी झाला होता. कारण साधं आहे: व्हॅक्यूम फक्त एका वातावरणाचा दाब तपासतो, तेही बाहेरून आत. हाय साइडला (कॉम्प्रेसरच्या पुढच्या, जास्त दाबाच्या बाजूला) चालू असताना १४-१५ बार असतो, आतून बाहेर. म्हणून व्हॅक्यूमआधी कोरड्या नायट्रोजनने सुमारे १० बारवर तपासणी करा, प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा. साधी दाबाची हवा नको, तिच्यात ओल असते. फिटिंग बदलल्यापासून तो सांधा कोरडा आहे. सँडेन ५०८ सुद्धा फ्लेअर आणि ओ-रिंग दोन्ही प्रकारच्या तोंडांत मिळतो, तेव्हा फिटिंग मागवायच्या आधी तोंड बघा.

गॅस मूळ आर-१२ च्या वजनाच्या ८०-८५ टक्क्यांपासून सुरू केला आणि पुढे दाब बघत वाढवला. ३३ अंश सेल्सियसला १५०० आरपीएमवर लो साइड २ बार, हाय साइड १४.५ बार आणि मधल्या जाळीतून ८ अंशांची हवा येते. नवव्या महिन्यात गॅस रिकव्हरी मशीनने काढून वजन केलं तेव्हा ८५० ग्रॅममधले २० ग्रॅम कमी भरले. मशीनच्या अचूकतेतच एवढा फरक असतो, त्यामुळे त्याला गळती म्हणणार नाही. जुन्या गाडीत प्रेशर स्विच नसेल तर ड्रायरवर दुहेरी स्विच (दाब फार कमी किंवा फार जास्त झाला की तुटणारा) जरूर घाला. गॅस कमी झाला की तेल कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि तो जॅम होतो. स्विच त्याआधीच कॉम्प्रेसरचा क्लच बंद करतो.

दुसरी चूक मार्गाची. सक्शन होज फायरवॉलजवळ पत्र्याच्या कडेला टेकत होता. पाच महिन्यांत बाहेरच्या रबरावर सुमारे ४० मिमी लांब घासल्याची खूण उमटली. आतली वीण दिसली नव्हती म्हणून होज वाचला. आता तिथे रबरी ग्रोमेट आणि दोन रबर लावलेले पी-क्लिप आहेत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून होज ५० मिमी लांब ठेवला, त्यावर उष्णतारोधक स्लीव्ह चढवली. स्लीव्ह तपकिरी पडली, पण खालचा होज मऊच आहे. सक्शनला बाहेरून पाणी सुटतं, ते नेहमीचंच. मात्र ते पाणी डिस्ट्रिब्युटरवर ठिबकणार नाही असं वळण द्या.

सर्व्हिस पोर्ट बनवतानाच होजमध्ये घालून घ्या. लो साइडचा १३ मिमी, हाय साइडचा १६ मिमी, आणि हाय साइडचं तोंड वर. कपलर लावायला मुठीएवढी मोकळी जागा लागते. इथे ते पोर्ट बॅटरीच्या ट्रेखाली गेलं, आता दर वेळी आधी बॅटरी उतरवावी लागते.