एकेरी, जुळी की उचलती? छोट्या शिडाच्या बोटीला कील निवडताना

वीस ते सव्वीस फुटी बोट घ्यायची ठरली की पहिला प्रश्न असतो तो वेगाचा. त्याआधी विचारायला हवं ते हे, की बोट रात्री कुठे उभी राहणार? कायम खोल पाण्यात, ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या खाडीत, की ट्रेलरवर? कीलचा, म्हणजे बोटीच्या बुडाखालच्या जड पात्याचा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

एकाच बोटीत फरक पाहायचा तर १९६९ पासून बनत आलेली कॅटालिना २२ सोयीची. एकेरी फिन कील (माशाच्या परासारखं एकच पक्कं पातं) असेल तर तिला सुमारे १.०७ मीटर पाणी लागतं. उचलती, म्हणजे वर-खाली करता येणारी, असेल तर खाली सोडल्यावर १.५ मीटर, वर घेतल्यावर जेमतेम ०.६. जुळ्या कीलचं ठरलेलं उदाहरण म्हणजे २६ फुटी वेस्टर्ली सेंटॉर. तिला ०.९ मीटर पुरतं आणि पाणी ओसरलं की ती दोन कीलवर सरळ उभी राहते.

वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे वारा येतो त्या दिशेने जाताना, एकेरी कील सरस. जुळीचा पाण्याला घासणारा पृष्ठभाग जास्त, म्हणून मंद वाऱ्यात ती रेंगाळते आणि बाजूलाही जास्त वाहते. सुट्टीपुरतं फिरणाऱ्याने हे फार मनावर घेऊ नये. गाळात रुतल्यावरचा फरक मात्र पाठ हवा. एकेरी कीलची बोट कलती केली की कमी पाण्यात निघते. जुळीचं नेमकं उलट, कलली की खालच्या अंगाची कील आणखी खोल जाते, म्हणून शिडं सैल सोडून ती सरळ करायची. उचलतीवाला हँडल फिरवून कील वर घेतो आणि सुटतो.

आता देखभाल. एकेरी कीलची सगळी भिस्त बोल्टवर आणि ती बोटीच्या बुडाला जोडते त्या सांध्यावर. बोट क्रेनच्या पट्ट्यांवर लटकत असतानाच तो सांधा बघा, जमिनीवर टेकली की वजनानेच फट मिटते. कीलचं टोक आडवं हलवा. केसाएवढी फट उघडझाप करत असेल, किंवा दोन दिवसांनीही गंजाचं पाणी झिरपत असेल, तर किमान एक बोल्ट काढून पाहिल्याशिवाय व्यवहार नको. आतला नट चकचकीत आहे म्हणून फसू नका. हवा मिळते तोवर स्टेनलेसवरचा संरक्षक थर टिकतो. सांध्यातल्या कोंदट ओलीत तो जातो आणि बोल्ट मधोमध पेन्सिलीसारखा बारीक होतो. बोट पूर्वी खडकावर आदळली असेल तर कीलच्या मागच्या टोकावरचा आतला तळ तपासा, कारण पुढून धक्का बसला की मागची कड वर घुसते. २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये चीकी राफिकी या चाळीस फुटी बोटीची कील निखळून चौघे गेले. आधीचे धक्के आणि दुरुस्त्या यांनी बांधणी कमजोर झाली असावी, असं ब्रिटिश तपास अहवालात म्हटलं आहे.

शिशाची कील गंजत नाही. बिडाची असेल तर ब्लास्टिंग करून (वाळूसारख्या कणांच्या जोरदार माऱ्याने) धातू उघडा पाडा, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचा पहिला हात द्या, एकूण चार-पाच हात झाल्यावरच अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा, बहुधा तांबं असलेला रंग) लावा. हा तांब्याचा रंग थेट बिडाला लागला तर गंज उलट वाढतो.

उचलत्या कीलची पिन (जिच्यावर ती फिरते) झिजते, उचलायची तार तुटते, कील आत जाते ती पेटी तुंबते. मुरिंगवर (बोट पाण्यात बांधून ठेवायच्या जागी) रात्रभर ठकठक ऐकू आली तर पिनेचं भोक लांबट झालंय, बुश (भोकातली नळी) बदला. तारेवरून फडकं फिरवा. अडकलं की तार बदलायची, मग बाकी कितीही ठणठणीत दिसो. कील खाली सोडताना हँडल एकदम हलकं झालं तर तिथेच थांबा. खडा किंवा शिंपले अडकून कील पेटीत बसलेली असते, आणि तुम्ही तार सोडत राहिलात की ती अचानक सुटून तारेला झटका देते. कील खाली पक्की धरणारा कुलपी बोल्ट असेल तर शिडं चढवण्याआधी आवळा, नाहीतर बोट पार आडवी झाल्यावर कील आत आपटू शकते. रोज ट्रेलरवर नेणार नसाल तर हा व्याप कशाला?

जुळीची कामं थोडी, पण अवघड जागची. दोन कीलमधल्या भागाला रंग लावायला झोपून जावं लागतं. चिखलात बसताना कील बाहेरच्या बाजूला फाकतात, म्हणून आत बाकांखाली, कील जोडलेल्या जागी, जेलकोटला (फायबरवरच्या गुळगुळीत थराला) बारीक तडे आहेत का ते बॅटरी लावून पाहा. जुन्या सेंटॉरमध्ये हीच जागा दुबळी होती. आणि जागा पक्की करण्याआधी पूर्ण ओहोटीला तिथे चालत जा, तळ काठीने चाचपा. दोन्ही कीलखाली सारखाच घट्टपणा लागतो, एका बाजूला खड्डा असला तर बोट दर ओहोटीला तिरकी बसते.