सेकंडहँड वॅगनआर (२०१९ ते २०२१): नाशिकच्या घरासाठी कशी, आणि घेताना काय तपासायचं

बजेट चार-साडेचार लाख. घरात चार-पाच माणसं. रोज सातपूर किंवा अंबडला कामावर जाणं, महिन्यातून एखादी त्र्यंबकची नाहीतर वणीची फेरी, सणावाराला पुणं. एवढं सांगून जुनी गाडी कोणती घ्यावी असं विचारलं, तर बहुतेक लोक डोळे झाकून वॅगनआर म्हणतात. आमचंही उत्तर तेच, फक्त डोळे उघडे ठेवून. गाडी २०१९ च्या नव्या पिढीची हवी, आणि घाट नेहमीचा असेल तर १.० लिटरचं नको, १.२ लिटरचं इंजिन हवं.

पहिल्या अटीतच लोक फसतात. नवी वॅगनआर जानेवारी २०१९ मध्ये आली. जुन्या पिढीच्या, २०१८ ला बनलेल्या पण २०१९ ला पासिंग झालेल्या गाड्या बाजारात बिनदिक्कत ‘२०१९ मॉडेल’ म्हणून विकल्या जातात. ओळख सोपी आहे. नव्या गाडीचे मागचे दिवे उभे, थेट काचेच्या बाजूने वर गेलेले असतात. शिवाय आरसीवर गाडी बनल्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं, पासिंगच्या तारखेआधी ते वाचा. नव्या पिढीत एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटना आहे, डिकी ३४१ लिटरची आहे, आणि दरवाजा उंच असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना वाकावं लागत नाही. या किमतीत एवढी जागा दुसऱ्या कुठल्याच हॅचबॅकमध्ये नाही.

आता इंजिन. १.० म्हणजे तीन सिलिंडरचं, ९९८ सीसी, ९० न्यूटनमीटर टॉर्कचं. १.२ म्हणजे चार सिलिंडरचं, ११९७ सीसी, ११३ न्यूटनमीटरचं. कागदावर बीएस-६ गाड्यांचं मायलेज अनुक्रमे २१.७९ आणि २०.५२. रस्त्यावर मात्र शहरात १.० कडून १५ ते १७ आणि १.२ कडून १३ ते १५ धरा, हायवेला ८०-९० च्या वेगाने दोन्ही १८ च्या पुढे जातात. गंगापूर रोड ते शालिमार एवढंच फिरायचं असेल तर १.० पुरेशी आहे. पण मुंबईहून परतताना कसारा घाट चढायचा, आत पाच माणसं, डिकीत सामान आणि एसी चालू, तेव्हा १.० दुसऱ्या गिअरमध्ये रडते. एसी बंद केल्याशिवाय ट्रकला ओलांडायची हिंमत होत नाही. नांदुरीहून सप्तशृंगगडाला चढतानाही तेच. १.२ तिथे तिसऱ्यावर निवांत चढते. घाटात सतत रेटून चालवलेली १.० शेवटी १.२ एवढंच पेट्रोल पिते, हे विकणारा सांगत नाही.

मायलेजचा एकदा सरळ हिशोब मांडू. महिन्याला ८०० किलोमीटर चालणारी गाडी १८ ऐवजी २१ देत असेल, तर साधारण सव्वासहा लिटर पेट्रोल वाचतं. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याला साडेसहाशेच्या वर, वर्षाला आठ हजारांच्या आसपास. चार टायर जुने निघाले, क्लच संपलेला निघाला आणि बॅटरी मेलेली निघाली, तर अशी तीन वर्षांची बचत पहिल्याच महिन्यात जाते. म्हणून एक-दोन किलोमीटरसाठी मॉडेल बदलण्यापेक्षा त्याच मॉडेलची धड ठेवलेली गाडी शोधण्यात वेळ घाला.

सीएनजीचं गणित वेगळं, आणि तिथे फसवणूकही जास्त. २६ किलोमीटर प्रति किलो ही वॅगनआर सीएनजीची प्रत्यक्ष सरासरी धरली, तर किलोमीटरचा खर्च पेट्रोलच्या जवळपास निम्मा पडतो. महिन्याला हजार-बाराशेच्या वर चालवणाऱ्याने सीएनजीच घ्यावी. पण लक्षात ठेवा: २०१९ ते २०२१ या काळात कंपनीची सीएनजी फक्त १.० इंजिनवर आणि फक्त एलएक्सआय, एलएक्सआय ऑप्शनल याच व्हेरिएंटमध्ये मिळत होती. व्हीएक्सआय सीएनजी २०२२ ला आली. तेव्हा कोणी २०२० ची ‘कंपनी फिटेड व्हीएक्सआय सीएनजी’ किंवा १.२ सीएनजी दाखवली, तर किट बाहेरून बसवलेलं आहे हे नक्की. बाहेरचं किट म्हणजे गाडी वाईटच असं नाही. मात्र आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसोबत सीएनजी चढलेलं हवं. नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते. सिलिंडरवरच्या प्लेटची तारीख आणि टेस्टचं सर्टिफिकेट जुळवून पाहा. २०१९ च्या गाडीची टेस्ट एव्हाना दोनदा यायला हवी. डिकी जाते ती जातेच. स्ट्रोलर किंवा चार बॅगा घेऊन फिरणाऱ्यांना पहिल्याच सुट्टीत ते कळतं.

१.० वाल्यांसाठी आणखी एक काम. १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ दरम्यान बनलेल्या वॅगनआर १.० कंपनीने २०२० मध्ये फ्युएल पंपासाठी परत बोलावल्या होत्या. त्याआधी २०१९ मध्येही यातल्याच काही गाड्या फ्युएल होज क्लॅम्पला घासतो म्हणून बोलावल्या होत्या. चॅसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की काम बाकी आहे का ते कळतं. बाकी असेल तर कंपनी ते फुकट करून देते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलात की सर्व्हिस हिस्ट्रीही मागा. मालक सोबत असेल तर प्रत्येक सर्व्हिसचं किलोमीटर रीडिंग मिळतं, आणि मीटर मागे फिरवलेला असेल तर इथेच उघडा पडतो.

गाडी बघायला सकाळी जा, आणि आधी फोन करून ‘गाडी चालू करून ठेवू नका’ असं स्पष्ट सांगा. पोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहा. गरम असेल तर थंड इंजिनाचं काहीतरी लपवायचं आहे. थंड इंजिन सुरू होताना दोन सेकंद खडखड झाली आणि मग थांबली, तर ऑइल पातळी किंवा टायमिंग चेनचा टेन्शनर बघायला हवा. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट आत जातोय. ऑइलचं झाकण उघडून आतून पाहा, तिथे दह्यासारखा थर असेल तर गाडी तिथेच सोडून द्या. या इंजिनांना ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑइल लागतं. आवाज दाबायला काही जण जाड २०डब्ल्यू-५० भरून ठेवतात, म्हणून डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत चोळून पाहा. कूलंटच्या टाकीत गंजाचं तपकिरी पाणी असेल, तर एप्रिल-मेच्या उन्हात साधं पाणी घालून चालवलेली गाडी आहे. रेडिएटर आणि वॉटर पंप दोन्हीवर त्याचा परिणाम होतो.

टेस्ट ड्राइव्ह गल्लीतल्या गल्लीत नको. द्वारका चौकाच्या गर्दीत दहा मिनिटं रांगायला लावा. क्लच खूप वर येऊन पकडत असेल, किंवा तिसऱ्या गिअरमध्ये हळू वेगावर दाबून पेडल दिल्यावर आरपीएम चढतो पण गाडी पळत नाही, तर क्लच प्लेट संपली. एसी पूर्ण लावून उभं राहिल्यावर रेडिएटर फॅन चालू-बंद होतोय का आणि इंजिन तापल्याचा लाल दिवा लागत नाही ना ते बघा. मग उड्डाणपुलावर चढवून ८० ला न्या, स्टिअरिंग थरथरत नाही ना, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत नाही ना, हे पाहा. उतरल्यावर सर्व्हिस रोडच्या खड्ड्यांतून घ्या. पुढून टकटक आली तर बहुतेक वेळा लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश असतात, ते स्वस्तात होतं. उभ्या गाडीत स्टिअरिंग डावी-उजवी हलवल्यावर कॉलममधून कटकट आली, तर ते काम महाग पडू शकतं, किमतीत आधीच धरा.

एजीएस म्हणजे ऑटो गिअरची गाडी असेल तर चढावर थांबवून पुन्हा काढून पाहा. या वर्षांतल्या गाड्यांना हिल होल्ड नाही. ब्रेकवरून पाय उचलला की ती मागे येते, आणि घाबरून सतत ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणाऱ्यांच्या हातात तिचा क्लच लवकर जातो. घरात नवशिका ड्रायव्हर असेल तर मोह होतोच, तरी या वयाच्या गाडीत आम्ही मॅन्युअलच निवडू.

नाशिकमध्ये खास तपासायची गोष्ट म्हणजे पुराचं पाणी. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदावरीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडायला लागते आणि गोदाघाटावर उभ्या गाड्यांत पाणी शिरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेच झालं. अशा गाड्या धुऊन, सीट कव्हर बदलून महिन्याभरात बाजारात येतात. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या फुटावर मातीची रेघ किंवा कुबट वास असेल तर पाणी आत होतं. स्टेपनीच्या खड्ड्यात चिखल, सीटच्या रुळांवर गंज, फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट थर हीही त्याचीच चिन्हं. पुढच्या सीटखालचा गालिचा उचलू देत नसेल तर बोलणी थांबवा. अशी गाडी वर्षभर बरी चालते, मग एकेक सेन्सर जायला लागतो आणि इलेक्ट्रिशियनला मूळ सापडत नाही.

अपघात ओळखायला दरवाजाच्या चौकटीचं रबर खाली ओढा. कंपनीच्या गोल स्पॉट वेल्डची ओळ एकसारखी दिसायला हवी. फेंडर आणि बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे, सगळ्या काचांत एकच वेगळ्या कंपनीची, अशा खुणा बघा. बंपर रंगवलेला असणं काही मोठी गोष्ट नाही, नाशिकच्या पार्किंगमध्ये ते होतंच. पिलरवर किंवा चॅसिसच्या टोकाला वेल्डिंग असेल तर मात्र कितीही स्वस्त असली तरी नको. टायरच्या कडेला चार आकडे असतात: ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर खाच कितीही शिल्लक असली तरी बदलायचे, विशेषतः सिन्नरहून किंवा इगतपुरीहून समृद्धीवर जाणार असाल तर. त्या काँक्रीटवर उन्हात जुना टायर फुटायला फार वेळ लागत नाही. वॅगनआर उंच आणि हलकी आहे, तिथल्या आडव्या वाऱ्यात ९०-१०० च्या पुढे ती सुखाची वाटत नाही.

सुरक्षेबाबत आडपडदा नको. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत या वॅगनआरला सुरुवातीला दोन तारे मिळाले, पुढे कडक नियमांखाली एकच. हे ज्यांना पटत नाही त्यांनी २०२० ची टाटा टियागो बघावी. तिला चार तारे आहेत, हायवेला जड आणि ठाम बसते. बदल्यात इंजिनची थरथर जास्त, डिकी लहान आणि शहरातलं मायलेज कमी. हायवेवर आठवड्याला जाणाऱ्या कुटुंबाला आम्ही टियागोच सुचवू. ग्रँड आय१० चं इंजिन मऊ आणि एसी उत्तम, मागे एसीचा व्हेंटही आहे, पण शहरात १२-१४ च्या पुढे जात नाही. त्याहून जुन्या आय१० च्या १.१ इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. बदलल्याचं बिल नसेल तर घेतल्या घेतल्या टेन्शनरसकट बदला, तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. बजेट तीन लाखांवर अडत असेल तर जुनी सेलेरिओ: वॅगनआर १.० चंच इंजिन, जागा थोडी कमी. स्विफ्ट मागणीमुळे महाग, आणि बहुतेक हातांनी दामटलेली.

भावाबद्दल एवढंच: २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि नवी बेस वॅगनआर एक्स-शोरूम पाच लाखांच्या आसपास आली. जुन्या भावाने साडेपाच लाख सांगणाऱ्या २०२१ च्या गाडीपुढे हा आकडा ठेवा.

कागदांत कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसलेली हवी, नाहीतर पेठ रोडच्या आरटीओत काम अडतं. ई-चलान आधी तपासा आणि थकबाकी विकणाऱ्याकडून भरून घ्या. पिवळ्या प्लेटची पांढरी करून घेतलेली टॅक्सी आरसीच्या नोंदींतून कळते. गुजरात किंवा सिल्व्हासाची गाडी स्वस्त दिसते, पण फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरला की तो फरक उरत नाही. विम्याचं नाव १४ दिवसांत बदलून घ्या. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) आधीच्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही, म्हणून पुढचा हप्ता विकणाऱ्याने भरलेल्या रकमेपेक्षा जास्त येईल. आणि दुसरी किल्ली पैसे देण्याआधी हातात घ्या.