मिठाच्या गाडीला खालून अँटी-रस्ट कोटिंग: जालन्यातल्या गॅरेजचा अनुभव

जालन्याची सळई भरून गुजरातला जायचं आन् येताना गांधीधामहून मीठ आणायचं अशी ज्यांची लाईन आहे त्यांच्यासाठी हे लिहायलोय, बाकीच्यांना एवढा खर्च करायची गरज पडंल असं मला तरी वाटत नाही. दिवाळी झाल्यावर आमची बारा टायर गाडी एमआयडीसी भागातल्या एका गॅरेजवर खालून कोटिंगला लावली होती. गाडी जुनी आहे, आठ वर्षं कधीच उलटली, म्हणजे आता दरवर्षी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी).

मोबाईलवर ह्या कामाचे जे व्हिडिओ येतात ते सगळे अमेरिका-कॅनडातले. तिकडं थंडीत रोडवर बर्फ साचतो म्हणून मीठ टाकतात, ते पाण्यात विरघळून चाकांनी उडतं आन् चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, जाऊन बसतं. लईच थंडी पडली की साध्या मिठानं भागत नाही मग कॅल्शियम क्लोराईड नाहीतर मॅग्नेशियम क्लोराईड मारतात, ती तर अजून वाईट, हवेतलं पाणी ओढून कायम ओलीच राहतात. आपल्याकडं बर्फ कुठला, पण मीठ हौद्यात आहे ना! गोण्यांतून, फळ्यांच्या फटीतून झिरपत झिरपत ते क्रॉस मेंबरवर (चासीच्या आडव्या दांड्यांवर), स्प्रिंगचे पाटे आवळणाऱ्या यू-बोल्टाच्या बुडाशी, ब्रेकच्या एअर टाकीच्या पट्ट्याखाली जाऊन बसतं. हवेत ओलावा 75 टक्क्यांच्या वर गेला की शुद्ध मिठाला पाणी सुटतं, आगरातल्या कच्च्या मिठाला तर त्याच्या आधीच, कारण त्यात थोडं मॅग्नेशियम क्लोराईड असतंच. आता मराठवाड्यात हिवाळ्यात दुपारी हवा खडखडीत असते पण पहाटे दहिवर पडतंय, म्हणजे रात्री ओलं, दुपारी कोरडं, परत रात्री ओलं. आन् हिवाळ्यात बसलेलं मीठ तसंच ठेवलं तर खरा दणका पावसाळ्यात बसतो. ज्याला कोटिंग करायचंय त्यानं दिवाळी ते संक्रांत ह्या टायमालाच करावं, लोखंड नीट वाळतं.

गॅरेजची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कोटिंगच्या आधीचं काम. बऱ्याच ठिकाणी वरवर पाणी मारतात आन् तासाभरात काळा फवारा मारून मोकळे होतात. ह्यांनी गाडी रॅम्पवर घेऊन आधी चासीच्या आतल्या बाजूनं प्रेशरनं धुतली, साधं पाणीच, पण भरपूर. मग पापुद्रे हातोडीनं ठोकून पाडले, तारेचा ब्रश मारला, डबल चासीच्या, म्हणजे एकाला एक लावलेल्या दोन लोखंडी पट्ट्यांच्या, जोडात हवेच्या पाईपनं पाणी उडवून काढलं. ह्या जोडाकडं कुणी बघत नाही आन् गाडी सडते तिथंच, कारण गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, दोन पट्ट्यांच्या मधी फुगला की पट्ट्या फाकतात. रात्रभर गाडी वाळत ठेवली आन् दुसऱ्या दिवशी मटेरियल मारलं.

मटेरियल दोन प्रकारचं होतं. एक ते काळं रबरासारखं, डांबरी, वाळून कडक होणारं, आन् दुसरं मेणाचं, जे वाळलं तरी बोटाला थोडं चिकटतंच. मी मेणाचं घेतलं, मिस्त्रीनंबी तेच सांगितलं. कडक कोटिंग नव्या कोऱ्या गाडीला ठीक आहे. जुन्या गंजावर मारलं की चासी पिळवटते, खडी लागते, तडा जातो आन् तड्यातून खारं पाणी आत गेलं की वरून सगळं काळंभोर दिसतं, खाली कुजत राहतं, कळतसुद्धा नाही. मेणाचं असलं की निदान कुठं निघून गेलंय ते डोळ्याला दिसतं, तेवढ्या जागी परत मारता येतं. आपले लोक जळकं ऑइल डिझेलमध्ये कालवून मारतात, फुकटात होतं हे खरं, पण त्यात इंजिनातलं ॲसिड उतरलेलं असतं, रबरी बुश फुगतात आन् पहिल्या पावसात निम्मं ऑइल कुणाच्यातरी रानात जातं.

सायलेन्सर, ब्रेक ड्रम, जॉइंट हे सगळं प्लास्टिकनं झाकून घेतलं होतं. बीएस-6 (धुराच्या नव्या नियमातल्या) गाडीवाल्यांनी सेन्सर आन् त्याच्या वायरी स्वतः उभं राहून झाकून घ्याव्यात.

आता तक्रारी. फोनवर सात हजार सांगितले आन् बिल साडेनऊचं झालं, म्हणे वॉशिंग वेगळं. अरे बाबा धुतल्याशिवाय तू कोटिंग मारणारच कसं, मग आधीच सांग ना एकदम! दुसरं म्हणजे चासी नंबरवर सरळ फवारा मारून टाकला. पासिंगला साहेब पहिला तोच बघतो, आम्हाला रॉकेल लावून चिंधीनं पुसत बसावं लागलं. ग्रीसच्या दोन-चार निपलापण बुजवल्या होत्या. पोरं कामाला चांगली आहेत पण शेवटची नजर मारायला कुणी नाही.

त्यानंतर मिठाच्या खेपा झाल्यात. धुताना फरक लगेच कळतो, पाणी थेंब होऊन खाली पडतं, मीठ चिकटून बसत नाही. यू-बोल्टाला नवा लाल रंग दिसला नाही. मागच्या चाकांच्या समोर मात्र खडीनं कोटिंग खरवडून गेलंय, आपले रोड तुम्हाला माहितीच आहेत. धूळ चिकटते, मिस्त्री हात लावायला कुरकुर करतो. स्प्रिंगच्या पाट्यांना ह्याचा उपयोग नाही, तिथं ग्रॅफाइट ग्रीसच.

उसाच्या गाडीवाल्यांनी माझ्या मते हे पैसे घालूच नयेत. चासीत अडकलेली काळी माती आन् पाचट खरवडून काढलं तरी निम्मं काम होतंय, ती माती आठ-आठ दिवस ओल धरून ठेवते.

पाचात साडेतीन स्टार देईन, अर्धा बिलाचा कापला आन् एक चासी नंबरचा. मे महिन्यात उडालेल्या जागी फुकट टचअप करून देतो म्हणलेत, कागदावर लिहून घेतलंय. दिलं का नाही ते इथंच टाकतो.