मोमेंट काढताना: लंब अंतर की घटक?

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत घड भरला की झाड एका अंगाला झुकतं. मग उलट बाजूने दोरी बांधून ती जमिनीतल्या खुंटीला ताणतात. मोमेंट म्हणजे बलाचा फिरवण्याचा परिणाम: बल गुणिले लंब अंतर, म्हणजे फिरण्याच्या बिंदूपासून (इथे खोडाचं बूड) बलाच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर. ते शिकायला मला याहून चांगलं उदाहरण दिसत नाही.

समजा घड 25 किलोचा, म्हणजे सुमारे 245 न्यूटन, आणि खोडाच्या बुडापासून 0.4 मीटर बाहेर. वजन सरळ खाली, अंतर आडवं; लंब अंतर आयतंच मिळालं. 245 × 0.4 = 98 न्यूटन-मीटर. इथे घटक पाडणं, म्हणजे बल आडव्या आणि उभ्या भागांत विभागणं, हा वेळ घालवणं.

दोरी तिरपी. ती खोडाला 2 मीटर उंचीवर बांधली, खुंटी बुडापासून 1.5 मीटरवर, दोरी झाली 2.5 मीटर. ताण T धरा. लंब अंतराच्या रीतीने बुडापासून दोरीवर लंब टाकायचा, त्रिकोण सोडवायचा, मग 1.2 मीटर हाती येतं. घटकांच्या रीतीत आडवा घटक 0.6T, उंची 2 मीटर: 1.2T. उभा घटक बुडातूनच जातो, म्हणून त्याचं मोमेंट शून्य. झाड तोलायला 1.2T = 98 हवं, म्हणून दोन्हीकडून T सुमारे 82 न्यूटन (झाडाचं स्वतःचं वजन इथे सोडलंय).

हे जुळणारच, कारण परिणामी बलाचं मोमेंट घटकांच्या मोमेंटच्या बेरजेइतकं असतं. हा व्हॅरिग्नॉनचा सिद्धांत.

तिरप्या बलाला मी घटकच घेतो. फक्त चिन्हं सांभाळा: घड्याळाच्या उलट दिशेला धन, हे आधीच कागदावर लिहून ठेवा. पोरांचे मार्क जातात ते बहुतेक इथेच.