इंटरकॉमचं "कार्ड उडालं" सांगून ५००० चा चुना, नागपूरकरांनो जरा सांभाळून

कोणी इलेक्ट्रिशियन तुमच्या स्कीमच्या (म्हणजे अपार्टमेंटच्या) इंटरकॉमचं कार्ड, म्हणजे डब्यातली सर्किटची पट्टी, काढून "दुकानात नेतो, रिपेअर करून आणतो" म्हणाला तर ते कार्ड गेटच्या बाहेर जाऊ देऊ नका. एवढं वाचून बाकीचं सोडून दिलं तरी चालेल. पण आमच्याकडे काय झालं ते सांगतोच, कारण मनीष नगर-बेसा साइडला अजून काही स्कीममध्ये आमच्याकडे आलेल्या पोरानं हेच केलं असं आता एकेकाकडून कळून राहिलं आहे.

आमची स्कीम जुनी, चार मजले, मजल्याला चार फ्लॅट. खाली चौकीदाराच्या खोलीत ईपीएबीएक्सचा डबा (सगळ्या फ्लॅटचे इंटरकॉम जोडणारं एक्स्चेंज) आणि तिथून प्रत्येक फ्लॅटला दोन वायर. मोबाइल ॲपवाली भानगड आमच्याकडे नाही, आणि अर्ध्या फ्लॅटमध्ये म्हातारे आईबाबाच आहेत, मुलं पुण्याला नाहीतर हैदराबादला, त्यांना ॲप कोण शिकवणार. माझ्या बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, सिलिंडरवाला आला की चौकीदार इंटरकॉमवरच विचारतो, त्यामुळे तो बंद म्हणजे घरात दिवसभर कटकट.

मे संपता संपता, नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस) ऐन जोरात, इंटरकॉम आधी खरखर करायला लागला आणि मग एकदम ठप्प, डायल टोनसुद्धा नाही. आमचा नेहमीचा माणूस फोन उचलेना, उचलला तर म्हणे "भाऊ, कूलरच्या मोटरी अन् पंपाचीच लाइन लागून आहे, पुढच्या आठवड्यात पाहतो". नवतप्यात नागपुरात इलेक्ट्रिशियन म्हणजे लग्नसराईतला भटजी, मिळाला तर नशीब. मीटर बोर्डाशेजारी एक स्टिकर होतं, "सर्व प्रकारची इलेक्ट्रिक कामे, इंटरकॉम, सीसीटीव्ही, २४ तास", त्याच्यावर बायकोनं फोन लावला तर तासाभरात पोरगा हजर. बोलायला एकदम गोड, बाबांच्या पायाच पडला. व्हिजिटचे २०० आधी घेतले.

त्यानं हँडसेट शेजारच्या फ्लॅटमध्ये लावून पाहिला, तिथे चालला. म्हणजे हँडसेट ठीक, इथपर्यंत बरोबर. मग आमच्या भिंतीतल्या डबीवर मीटर लावलं आणि शून्य दाखवलं. हे पण खरं होतं, खोटं काही नाही. रिसीव्हर ठेवलेला असताना त्या दोन वायरींवर डीसी व्होल्टेज असतं, डब्याप्रमाणे २४ किंवा ४८ व्होल्टच्या आसपास, आणि आमच्याकडे काहीच नव्हतं. पण याचा अर्थ एवढाच की खालून आमच्या घरापर्यंत करंट पोचून नाही राहिला. रस्त्यात कुठे तुटला ते खालच्या टॅग ब्लॉकवर (डब्याच्या अन् फ्लॅटच्या वायरी जिथे जोडतात ती पट्टी) मीटर लावल्याशिवाय कळत नाही. तिथे व्होल्टेज असेल अन् घरात नसेल तर वायर नाहीतर जॉइंट खराब, डब्याचा काही संबंध नाही. दोन मिनिटांचं काम. त्यानं ते केलंच नाही. सरळ डबा उघडला, टॉर्च मारला आणि "भाऊ, कार्ड उडालं तुमचं, आयसी जळली", म्हणजे कार्डावरची चिप गेली.

आता यातली गंमत पाहा. आमच्या डब्यात एका कार्डावर आठ लाइन आहेत, तिसरा आणि चौथा मजला मिळून. कार्ड जळालं असतं तर आठही फ्लॅट बंद पडायला पाहिजे होते, अन् बंद होतो फक्त आम्ही. एखादा पोर्ट, म्हणजे कार्डावरची एकच लाइन, एकटाच जाऊ शकतो, हे खरं आहे, पण मग आमच्या वायरींची जोडी दुसऱ्या पोर्टवर लावून पाहतात ना बावा, त्यासाठी कार्ड पिशवीत घालून न्यावं लागत नाही. मी तेव्हा मिहानला ऑफिसात, सेक्रेटरी लग्नाला गावाला गेलेले, ते फोनवर म्हणाले तुम्हीच पाहून घ्या, पक्की पावती लावा, सोसायटी पैसे देईल. नवीन कार्ड घेतलं तर १२-१५ हजार, रिपेअर ४५०० मध्ये होईल असं त्यानं सांगितलं, २००० ॲडव्हान्स यूपीआयवर घेतला आणि कार्ड घेऊन गेला. यूपीआयवर आलेलं नाव त्यानं सांगितलेल्या नावाशी जुळत नव्हतं, विचारलं तर म्हणे भावाचा नंबर आहे.

खरी चाल इथून सुरू झाली. कार्ड निघालं म्हणजे आता आठही फ्लॅट बंद. आधी फक्त माझ्या घरची कटकट होती, आता चौथ्या मजल्यावरच्या काकू, त्यांच्या समोरचे, सगळे मलाच विचारणार, "काऊन हो, तुमच्यामुळे आमचा पण बंद पडला?" आणि तो फोन उचलेना. उचलला की "सीताबर्डीत दिलं आहे, आयसी मुंबईहून येऊन राहिली". चार दिवस असे काढल्यावर माणूस म्हणतो घे बाबा तुझे पैसे पण ते कार्ड आणून लाव. तो नेमका याच वेळेची वाट पाहत असतो. आला तेव्हा बाकीचे २५०० अन् वर जाण्यायेण्याचे ३०० आधी मागितले, मग कार्ड बसवलं. बिल मागितलं तर "दुकानवाल्यानं कच्चंच दिलं, व्हॉट्सॲपवर टाकतो" म्हणाला, आणि जे आलं ते वहीच्या पानावर पेननं लिहिलेलं, ना दुकानाचं नाव, ना पत्ता. सोसायटीनं ते घेतलं नाही, आणि त्यांचं पण बरोबरच आहे. तर ५००० आमच्याच खिशातून.

त्या दिवशी इंटरकॉम चालला, हे मानावं लागेल. थोड्या दिवसांत पुन्हा तीच खरखर, पुन्हा ठप्प. फोन लावला तर नंबर ब्लॉक.

मग सेक्रेटरींनी ज्याच्याकडून हा सेट बसवला होता त्या जुन्या माणसाला शोधून काढलं. साठीचा असेल, स्कूटरवर आला, कोणाशी जास्त बोलला नाही. आधी आमच्या घरी मीटर लावलं, मग खाली टॅग ब्लॉकवर. डब्याकडून येणाऱ्या बाजूला व्होल्टेज बरोबर, आमच्या वायरीवर काही नाही. चौकीदाराचा कूलर त्या ब्लॉकच्या अगदी खाली ठेवलेला, उन्हाळाभर बोअरच्या खाऱ्या पाण्याची दमट हवा त्याच्यावर, पट्टीवर पांढरा खार साचलेला आणि आमच्या जोडीतली एक तार हिरवी पडून हातात तुटून आली. दुसरीला ताजा पीळ दिसत होता, म्हणजे त्या पोरानं हातानं पिळून सोडून दिलं होतं, म्हणून ते तेवढे दिवस चाललं. खराब टोक कापून नवीन टोक दाबलं, ३५० रुपये घेतले, पावती दिली.

मी म्हटलं आता आलेच आहात तर ते रिपेअर झालेलं कार्ड पण पाहून घ्या. त्यानं आधी सेट बंद केला (चालू सेटमधून कार्ड ओढत नाहीत म्हणे, त्या पोरानं तर तसंच ओढलं होतं, चौकीदार समोरच उभा होता) आणि कार्ड उलटंसुलटं करून दाखवलं. मागून एकही सोल्डर नवीन नाही, सगळे सारखेच काळपट. आणि पुढून जी आयसी "बदलली" तिच्या पायांवर कुंभारीण माशीचं मातीचं घर, चांगलं बोटाच्या पेराएवढं, वाळून टणक झालेलं. ते न फोडता आयसी बदलून दाखवा म्हणे. म्हणजे कार्ड कोणत्या दुकानात गेलंच नव्हतं, पिशवीत राहून परत आलं. बोलता बोलता तो जुना माणूस नखानं ते घर काढून टाकत होता, मी थांबवलं अन् आधी फोटो काढला.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखापर्यंतच्या प्रकरणाला फी पण नाही, तेव्हा कागदावर बाजू आपली मजबूत आहे. अडतं ते पत्त्यावर. नोटीस पाठवायची कुठे? आपल्याजवळ काय आहे, एक स्टिकर आणि भावाचं म्हणून सांगितलेलं यूपीआय नाव. म्हणून कोणाला घरातलं काही काढून न्यायला देत असाल तर आधी त्याच्या दुकानाचा पत्ता आणि ओळखपत्राचा फोटो घ्या, कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या आणि मागे पेननं सही करून ठेवा. खरं काम करणाऱ्याला याचं वाईट वाटत नाही, त्या जुन्या माणसानं तर स्वतःहून चौकीदाराच्या रजिस्टरमध्ये नाव-पत्ता लिहिला.

स्टिकर आम्ही खरडून काढलं, पण परवा बाजूच्या स्कीमच्या मीटर बोर्डावर तोच नंबर दिसला, तिथल्या सेक्रेटरींना सांगून आलो. कूलर आता दुसऱ्या खिडकीत लावला आहे, तिथून खाटेपर्यंत हवा येत नाही म्हणून चौकीदार माझ्यावर फुगून बसला आहे.