वॉक-इन फ्रीझरचे रॅक : अंबडच्या फॅब्रिकेटरची ‘पूर्ण सेटिंग’

नाशिकच्या गंगापूर रोड, त्र्यंबक रोडच्या लॉन्सना जेवण पुरवणारी किचन्स २०२७च्या सिंहस्थाच्या तयारीत वॉक-इन फ्रीझर (आत चालत जाता येईल अशी फ्रीझरची खोली) घ्यायचा विचार करत असतील, तर आधी रॅकचं बघा. खोली बसवणारा एक, रॅक बनवणारा दुसरा, आणि दोघांचं आपसात बोलणं होत नाही. हा रिव्ह्यू अंबड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरच्या कामाचा आहे. बाहेरून १० बाय ८ फूट खोली, १०० मिमी पफ पॅनल (आत फोम भरलेल्या पत्र्याच्या भिंती), उणे १८ अंशांवर चालणारी. मापं, रॅक, क्रेट, लेबलं, सगळं त्याचंच.

स्टीलचं काम चोख आहे. पाइप ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा, वेल्डिंग घासून पॉलिश केलेलं, कोपऱ्यांना हात कापत नाही. ग्रेडची खात्री मात्र मॅग्नेटने करू नका. २०२ हे हलकं ग्रेडसुद्धा मॅग्नेटला जवळजवळ चिकटत नाही. स्टीलवाल्याकडे टेस्टिंगचं लिक्विड मिळतं, थेंब टाकून बघायचं. पायांखाली चार-चार इंची प्लेटा दिल्यात हे विशेष आवडलं. नुसते स्क्रूचे पाय असते तर भरल्या रॅकच्या वजनाने फ्लोअर पॅनलचा पत्रा चेपला असता. सर्वांत खालची फळी जमिनीपासून ६ इंच वर, म्हणजे झाडू आत जातो.

गडबड हवेची आहे. इव्हॅपोरेटर, म्हणजे खोली गार करणारं पंख्याचं युनिट, मागच्या भिंतीला छताशी टांगलेला असतो. तो पाठीमागून हवा ओढतो आणि दाराच्या दिशेने फेकतो. या पठ्ठ्याने दोन्ही बाजूंचे रॅक थेट मागच्या भिंतीपर्यंत नेले, वरची फळी युनिटच्या पोटाखाली घुसवली आणि वर पत्र्याच्या सलग फळ्या टाकल्या. त्या फळीवर क्रेट चढले की युनिटला ओढायला हवाच उरत नाही. फेकलेली गार हवा तिथल्या तिथे फिरते, सेन्सर खूश होतो, डिस्प्लेवर उणे १८ दिसतं आणि दाराजवळचं आइस्क्रीम चमच्याने दबतं. लोक मग गॅस कमी झाला म्हणून मेकॅनिकला बोलावतात.

सलग पत्रा का, तर कोटेशन किलोवर असतं. पत्र्याची फळी पाइपच्या फळीपेक्षा जड, बिलही जड. फ्रीझरसाठी फळ्या पाइपच्या किंवा जाळीच्याच मागा, आणि युनिटखालचा शेवटचा दोन फुटांचा तुकडा वरच्या फळीतून कापून घ्या.

खोलीचं मापही जमलेलं नाही. आतली रुंदी साधारण ८८ इंच. याने दोन्ही बाजूंना २४ इंची रॅक भिंतीला चिकटवून लावले. मध्ये ४० इंच वाट उरली, पण भिंतीमागे हवा फिरायला जागा नाही. एका बाजूला २४, दुसऱ्या बाजूला १८ इंची रॅक, दोन्हीकडे ३ इंच भिंत सोडून लावले असते तरी वाट तेवढीच, ४० इंच. ६०० बाय ४०० मिमीचा क्रेट २४ इंची रॅकवर लांबीने आत जातो, एका फळीवर सहा बसतात. १८ इंचीवर आडवा, चारच. म्हणजे प्रत्येक फळीमागे दोन क्रेटचं नुकसान. ते सोसावं असं आमचं मत आहे.

दाराजवळची चूक सर्वांत गंभीर. आतून दार उघडायचा ढकलायचा नॉब रॅकच्या खांबामागे गेलाय. क्रेट बाजूला केल्याशिवाय हात पोचत नाही. बाहेरची हवा आत घेणारा प्रेशर व्हॉल्व्हही वरच्या क्रेटने झाकलाय. दार लावल्यावर आत आलेली गरम हवा गार होऊन आकसते, तो मोकळा नसला की दार मिनिटभर ओढून उघडत नाही. दारापासूनचे दोन फूट रिकामेच ठेवायला हवे होते. रॅकवाल्याला परत पाठवण्यापूर्वी आत उभं राहून दार बंद करून बघा, बाहेर माणूस ठेवून.

क्रेट एचडीपीई या चिवट प्लास्टिकचे दिलेत, बरं केलं; स्वस्तातले पॉलिप्रॉपिलीनचे उणे १८ला आपटले की तडकतात. मटाराचा भरलेला क्रेट वीस किलोच्या आसपास जातो, म्हणून जड माल कमरेच्या उंचीवर. मांडणीचा तक्ता दाराच्या बाहेर लॅमिनेट करून लावला आहे, ही या कामातली सर्वांत हुशार गोष्ट. वस्तू शोधायला दार उघडं ठेवावं लागत नाही, आणि नाशिकच्या पावसाळ्यात उघडं दार म्हणजे छतावर बर्फ. लेबलं मात्र गळून पडतात, कारण गोठलेल्या पिशवीवर चिकटवलीत. कोरड्या पिशवीवर, आत ठेवण्याआधी, तारखेसकट चिकटवायची.

मालाची मांडणी त्याने केलेली बदलावी लागली. आता मटण आणि मासे सर्वांत खाली, ओल्या नारळाचा कीस व पनीर वर, शाकाहारी लग्नाचा माल वेगळ्या बाजूला, डिसेंबर-जानेवारीत भरलेला मटार पुढे आणि नवा मागे. आइस्क्रीम दाराजवळही नको आणि युनिटच्या अगदी खालीही नको. कारण डीफ्रॉस्टला, म्हणजे युनिटवरचा बर्फ वितळवताना, पंखे थांबतात आणि हीटर चालतो.

फळ्या बदलायला फॅब्रिकेटर तयार आहे, नव्या पाइपफळ्या किलोच्या भावाने. जुन्या पत्र्याच्या मात्र तो भंगाराच्या भावाने परत घेणार.